गुंठ्याएवढा ठिपका आणि भरतीचं पाणी: किनाऱ्याच्या प्रकल्पासाठी कुठला उपग्रह निवडाल?

प्रकल्पाचे विषय ठरवायचे दिवस आले की आमच्या सांगलीच्या भूगोल विभागात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, किनाऱ्यावर काम करायचंय. डेटा कुठला घेऊ? सेंटिनेल, लँडसॅट की ड्रोन?" (सेंटिनेल हे युरोपचे आणि लँडसॅट हे अमेरिकेचे, पृथ्वीची चित्रं घेणारे उपग्रह.) आपण नदीकाठची माणसं. तरीही दरवर्षी चार-पाच मुलं कोकण निवडतातच. रत्नागिरी–नागपूर महामार्ग मिऱ्यापासून निघतो, आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर करून मिरजेकडे येतो. त्या रस्त्याने रात्रीची एसटी पकडली की पहाटे समुद्र. त्यामुळे मुलांचा ओढा तिकडे असणारच.

ज्यांना येत्या महिनाभरात हा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेली काही वर्षं मुलांबरोबर कृष्णेच्या काठावर आणि कोकणच्या किनाऱ्यावर हीच चित्रं वाचत आले, त्यातून जे कळलं ते मांडते. माझं मत आधीच सांगून टाकते. चित्र किती बारीक दिसतं यावरून निवड करू नका. ते चित्र घेतलं त्या क्षणी पाणी किती चढलं होतं हे तुम्हाला सांगता येईल का, यावरून निवड करा. पाण्याची कड पातळीशिवाय वाचायची नाही. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे ठाऊक नसताना कृष्णेचं पात्र रुंदावलं की आकसलं हे आपण बोलत नाही. समुद्राच्या बाबतीत मात्र मुलं बिनदिक्कत बोलतात.

आधी ठिपक्याचा आकार, आपल्या मापात

पुस्तकात ३० मीटर, १० मीटर असे आकडे येतात आणि डोक्यावरून जातात. आपल्याकडच्या मुलांना ते गुंठ्यात सांगितले की लगेच कळतात. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान ठिपका, १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठे. आपल्या देशाच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरचा लिस-३ कॅमेरा २३.५ मीटरचा, साडेपाच गुंठ्यांचा. त्याच उपग्रहावरचा लिस-४ हा ५.८ मीटरचा, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आणि समुद्राचा रंग टिपणाऱ्या ओशनसॅट-३ चा पिक्सेल ३६० मीटरचा, म्हणजे एका ठिपक्यात बत्तीस एकर!

आता किनाऱ्याचा विचार करा. कोकणातल्या कितीतरी पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, ओहोटीलाही ऐंशी-शंभर मीटरपेक्षा रुंद नसतात. लँडसॅटच्या चित्रात अशी पुळण तीन ठिपक्यांत संपते. त्यातला एक अर्धा पाण्यात, एक अर्धा सुरूच्या बनात. उरलेल्या एकावर किनारा सरकला की नाही ते ठरवायचं. सेंटिनेल-२ मध्ये तिथेच आठ-दहा ठिपके मिळतात. एवढ्यावरूनच बरीच मुलं सेंटिनेल-२ पक्का करून टाकतात. घाई करू नका, कारण लँडसॅटकडे जे आहे ते सेंटिनेलकडे नाही.

लँडसॅट की सेंटिनेल-२

लँडसॅटकडे आहे काळ. पहिला लँडसॅट १९७२ साली गेला. त्याची चित्रं फारच ढोबळ, किनाऱ्याला उपयोगी पडतील अशी नाहीत. पण १९८४ च्या लँडसॅट-५ पासून ३० मीटरची चित्रं मिळतात आणि हा उपग्रह २०१३ पर्यंत चालला. पुढे १९९९ ला लँडसॅट-७, २०१३ ला लँडसॅट-८, २०२१ ला लँडसॅट-९. हा सगळा साठा २००८ पासून फुकट आहे. तुमच्या आईवडिलांच्या लग्नाच्या वेळी मिऱ्याचा किनारा कुठे होता, असा प्रश्न असेल तर दुसरा पर्याय नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. मे २००३ च्या अखेरीस लँडसॅट-७ चा एक भाग बिघडला आणि त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत तिरके काळे पट्टे आहेत. प्रत्येक चित्राचा बावीस टक्क्यांच्या आसपास भाग त्यात गेलेला असतो. २००३ ते २०११ या काळासाठी लँडसॅट-५ शोधा. पट्टे 'भरून' काढणाऱ्या पद्धती आहेत, शेतीला त्या चालतातही, पण पाण्याच्या कडेवर भरलेला ठिपका म्हणजे अंदाज असतो. मापाच्या कामात तो घेऊ नये.

सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये. दोन मिळून दर ५ दिवसांनी एक चित्र. लँडसॅटचे दोन उपग्रह मिळून ८ दिवसांनी एक. ऑक्टोबर ते मे हा आपला निरभ्र हंगाम धरला तर सेंटिनेलची पंचेचाळीसच्या वर चित्रं हाती येतात. त्यातली थोडी ढगांत, धुरक्यात गेली तरी तीसेक तरी कामाची उरतात.

प्रकाशाच्या पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवा. पाणी ओळखायला आपण अवरक्त प्रकाश वापरतो, कारण पाणी तो गिळून टाकतं आणि जमीन परत फेकते. हिरवा पट्टा आणि जवळचा अवरक्त पट्टा घेऊन एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा निर्देशांक काढतात. जवळच्याऐवजी लघुतरंग अवरक्त पट्टा घेतला की त्याला सुधारित निर्देशांक म्हणतात. दुसरा जास्त चांगला, विशेषतः गढूळ पाण्यात. पण सेंटिनेल-२ चा लघुतरंग पट्टा १० मीटरचा नाही, २० मीटरचा आहे. म्हणजे एक गुंठ्याची बढाई इथे चार गुंठ्यांवर येते. लँडसॅटमध्ये दोन्ही पट्टे ३० मीटरचेच, त्यामुळे फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही.

आणि रत्नागिरीत हे काम करणार असाल तर वाळूकडे बघा. शहराच्या एका अंगाला मांडवीची पुळण, तिला लोक काळा समुद्र म्हणतात. दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र. नावं वाळूच्या रंगावरून पडलीत. ओली काळी वाळू उपग्रहाला पाण्यासारखीच गडद दिसते. पांढऱ्या समुद्रावर जुळवलेली पाण्याची मर्यादा, म्हणजे निर्देशांकाच्या कुठल्या आकड्यापुढे पाणी म्हणायचं ते, काळ्या समुद्रावर तशीच लावली तर काही मीटर पुळण चित्रातच बुडून जाते. प्रत्येक पुळणीसाठी मर्यादा वेगळी ठरवावी लागते. फेस सांडलेल्या लाटांच्या पट्ट्यात याच्या उलट होतं, तिथे पाणीच जमिनीसारखं उजळ दिसतं.

तिथी, पाऊणपट आणि अकराची वेळ

आता मुख्य गोष्ट. हे कळायला मला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर जावं लागलं.

एक विद्यार्थिनी दोन चित्रं घेऊन आली होती. दोन्ही फेब्रुवारीची, दोन वेगळ्या वर्षांची. दोन्ही निरभ्र, दोन्ही सेंटिनेल-२ ची. त्यांत पाण्याची कड पाच-सहा ठिपके आत आलेली. "समुद्राने पन्नास-साठ मीटर पुळण खाल्ली" असा तिचा निष्कर्ष. हंगाम तोच, उपग्रह तोच, पद्धत तीच, म्हणून मीही मान डोलावली होती. क्षेत्रभेटीला गेलो तेव्हा खाडीत होडी घालणाऱ्या एका आजोबांना तिने ती चित्रं दाखवली. त्यांनी नकाशाकडे नीट बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "बाय, फोटो खंयच्या तिथीचे?"

दिनदर्शिकेत बघितलं. एक अष्टमीचं निघालं, दुसरं अमावास्येचं. आजोबांनी बोटांवर मोजून सांगितलं की अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती (ओहोटी). अमावास्येला साडेअकराच्या आत-बाहेर पूर्ण भरती. कोकणात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

त्या रात्री लॉजवर बसून आम्ही उपग्रहाची वेळ काढली. सेंटिनेल-२ सूर्याशी वेळ जुळवून फिरतो. कोकणावरून तो नेहमी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी अकराच्या थोडं पुढेमागे जातो. लँडसॅटही त्याच सुमाराला, थोडा आधी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं प्रत्येक चित्र उधाणाच्या भरतीतलं असतं. षष्ठी ते अष्टमीचं चित्र ओहोटीतलं असतं, तेही भांगाच्या, म्हणजे पाणी फार न हलणाऱ्या दिवसांतल्या ओहोटीतलं. आणि उधाणाची ओहोटी, जेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, ती पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. ती या दोन्ही उपग्रहांना कधीच दिसत नाही. कितीही चित्रं उतरवा, दिसणार नाही.

आकड्यात बघा. पुळणीचा उतार चाळीसास एक धरा, चाळीस मीटर चाललं की एक मीटर खाली. दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत दीड मीटरचा फरक असेल तर पाण्याची कड साठ मीटर सरकते. वाळूचा कणही न हलता. सेंटिनेलचे सहा ठिपके, लँडसॅटचे दोन. तिच्या प्रकल्पातली धूप एवढीच होती.

म्हणून निवड करताना ही गोष्ट आधी तोला, कारण इथे दोन उपग्रहांत खरा फरक पडतो. सेंटिनेल-२ दर ५ दिवसांनी येतो, म्हणजे तिसरं चित्र १५ दिवसांनी. एक पक्षही जवळजवळ १५ दिवसांचाच. त्यामुळे तुमचं एक चित्र सप्तमीचं असेल तर त्यापुढचं प्रत्येक तिसरं चित्र साधारण सप्तमीचंच येतं. पंधरवड्याला फरक पडतो तो पाव तिथीचा. एका हंगामात सारख्या पाण्याची सात-आठ चित्रं सहज मिळतात. लँडसॅटचा एकेक उपग्रह १६ दिवसांनी येतो आणि दर फेरीत सव्वा तिथी पुढे सरकतो. सप्तमीपासून सुरुवात केली तर दोन महिन्यांत द्वादशीवर पोचलात. त्यामुळे लँडसॅटमध्ये तिथी बघून चित्रं वेचावी लागतात आणि वेचून झाल्यावर वर्षाला दोन-तीनच उरतात. जुन्या काळासाठी ते पत्करायचं.

तिथी ही पहिली चाळण, एवढंच. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून त्या दिवशीची, त्या वेळेची उंची घ्यावी. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि वारा-लाटांनीही पाणी थोडं चढतं. पण पाण्याचा विचारच न करता केलेल्या कामापेक्षा नुसती तिथी बघून केलेलं काम कितीतरी पटींनी बरं.

हंगामाचंही तसंच. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात उथळावर नेऊन ठेवतात आणि पाऊस सरला की तीच वाळू हळूहळू परत येते. ऑक्टोबरचं चित्र आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवून "किनारा वाढला" म्हणणं म्हणजे जूनमधली कृष्णा आणि ऑगस्टमधली कृष्णा शेजारी ठेवण्यासारखं आहे. एप्रिलची तुलना एप्रिलशीच करा.

पावसाळा आणि रडार

जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांची गोधडी असते. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट दोन्ही तेव्हा निरुपयोगी. किनारा सगळ्यात जास्त हलतो तो नेमका याच काळात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, आणि दोन्ही वेळी वरून फक्त ढग दिसत होते. तेव्हा सेंटिनेल-१ लागतो. तो रडार आहे. स्वतः साडेपाच सेंटिमीटरच्या सुमाराच्या तरंगलांबीच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग, रात्र, पाऊस यांचं त्याला फारसं काही नाही. शांत पाणी आरशासारखं लहर पलीकडे फेकून देतं, म्हणून चित्रात पाणी काळं येतं.

रडारवर विश्वास किती ठेवायचा हे आपण सांगलीकर चांगलं शिकलो आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आकाश एकदाही उघडलं नव्हतं आणि पुराचे जे नकाशे बनले ते रडारच्या चित्रांवरून. पुढे ती चित्रं मी वर्गात लावली तेव्हा वाळवा तालुक्यातली एक मुलगी पुढे येऊन पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हा आमचा मळा. इथं तर पाणी दिसतच नाही. आमच्या उसात छातीएवढं पाणी होतं!" तिचं खरं होतं. शेजारचं गायरान काळंभोर आणि तिचा ऊस उजळ. उभ्या उसात पाणी शिरलं की लहर आधी पाण्यावर आपटते, तिथून उसाच्या कांड्यांवर, आणि दोनदा आपटून थेट उपग्रहाकडे परत जाते. मग ते शेत कोरड्या शेतापेक्षाही उजळ दिसतं. गावातल्या गल्ल्यांतही तेच होतं, पाणी आणि भिंती मिळून लहर परतवतात. नुसते काळे ठिपके मोजून पुराचं क्षेत्र काढलं तर आपला ऊस आणि आपली घरं दोन्ही नकाशाबाहेर राहतात. तिच्या घरच्यांनी दोन दिवस माळ्यावर काढले होते. नकाशातली ही चूक तिला किती लागली असेल हे मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. त्यानंतर रडारच्या नकाशावर 'पूरमुक्त' हा शब्द मी मुलांना लिहू देत नाही.

किनाऱ्यावर कांदळवनात हाच प्रकार. भरतीचं पाणी झाडांखाली शिरतं आणि रडार त्याला पाणी म्हणत नाही. उघड्या समुद्राचं वेगळं. वाऱ्याने पाणी खवळलं की ते आरसा राहत नाही, करडं होतं, आणि जमिनीशी त्याचा फरक पुसट होतो. ओली सपाट वाळू उलट काळी दिसते. त्यामुळे पुळणीची रेष मीटरमध्ये मोजायला सेंटिनेल-१ घेऊ नका. वादळानंतर खाडीकाठची शेतं किती बुडाली, खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या सखल जमिनीत, पाणी कुठपर्यंत आलं, अशा प्रश्नांना घ्या. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची आहे. तो सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जातो, म्हणजे उधाणाच्या ओहोटीच्या बराच जवळ. जे अकराच्या उपग्रहांना कधी दिसत नाही त्याची झलक इथे मिळू शकते.

चित्रांची संख्याही बघा. दोन उपग्रह असताना ही जोडी ६ दिवसांनी एका जागी येऊ शकत होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यातला एक वीजपुरवठ्याच्या बिघाडाने बंद पडला आणि नवा गेला तो डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या तीन वर्षांत चित्रं १२ दिवसांनी. तुमचा अभ्यास त्या काळातला असेल तर वादळाच्या नेमक्या दिवसाचं चित्र मिळेलच असं धरू नका.

ड्रोन, आणि कपाटातली डंपी लेव्हल

ड्रोनचं आकर्षण मला समजतं. १२० मीटर उंचीवरून चांगला कॅमेरा तीनेक सेंटिमीटरचा ठिपका देतो. वाळूत उमटलेली पावलंसुद्धा दिसतात. शिवाय उपग्रहाला जमत नाही ते तो देतो, वाळूची उंची. पुळण रुंद राहूनही पातळ होत जाते, तिच्यातली वाळू कमी होते, आणि हे रुंदीवरून कळत नाही. एकच पुळण, एक-दीड किलोमीटरची, पावसाळ्याआधी आणि नंतर, असा प्रश्न असेल तर ड्रोनला तोड नाही.

पण खर्चाची आणि नियमांची बाजू आधी बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या, पिवळ्या, लाल अशा हद्दी आहेत. उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपली जागा कशात येते ते बघावं लागतं. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल वापरतं, त्यामुळे शहराच्या आसपास हा प्रश्न हटकून येतो. परवानगीशिवाय उडवू नका, तुमच्या महाविद्यालयाच्या नावावर ते येतं. बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांची, किनाऱ्यावरचा वारा ती आणखी लवकर संपवतो. हलत्या पाण्यावर चित्रं एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून उड्डाण ओहोटीलाच करायचं. आणि जमिनीवर मोजून घेतलेल्या खुणा नसतील तर तीन सेंटिमीटरचा ठिपका मीटरभर भलत्याच जागी बसतो. एवढं सगळं करून जे मिळतं ते एका पुळणीचं, एका दिवसाचं.

ड्रोन परवडत नाही म्हणून उंचीचा प्रश्नच सोडून देणारी मुलं बघितली की मला वाईट वाटतं. आपल्या प्रत्येक भूगोल विभागाच्या कपाटात डंपी लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यासोबतची आकड्यांची उभी पट्टी) असतो. दुसऱ्या वर्षाला सगळे तो शिकतात, परीक्षा देतात आणि विसरतात. बंधाऱ्यावरची एक पक्की खूण धरा, तिथून पाण्यापर्यंत दर पाच मीटरला वाचन घ्या. तासाभरात पुळणीचा छेद हातात येतो. असे चार छेद घेतलेत की उतार कळतो. उतार कळला की उपग्रहाच्या चित्रातली पाण्याची कड एकाच पातळीला आणून ठेवता येते, आणि वर सांगितलेल्या साठ मीटरच्या घोळातून सुटका होते. माझ्या मते सेंटिनेल-२ आणि डंपी लेव्हल ही जोडी भाड्याच्या ड्रोनपेक्षा जास्त देते, आणि तीही वर्षभराच्या काळासाठी.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

लिस-४ चं चित्र बारीक आहे आणि इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर नोंदणी करून शोधता येतं. पण त्यात लघुतरंग अवरक्त पट्टा नाही आणि चित्रांची संख्या कमी. बंधारा, जेटी, कोळंबीची तळी यांच्या हद्दी आखायला उत्तम, कालमालिकेला नाही.

गुगल अर्थवरची जुनी चित्रं सगळ्यांनाच मोहात पाडतात. त्यांवर तारीख असते, वेळ नसते. म्हणजे पाण्याची पातळी काढता येत नाही. शिवाय दोन वर्षांची चित्रं एकमेकांवर काही मीटर सरकलेली असतात. ओळख पटवायला वापरा, मोजायला नाही. प्लॅनेट या खासगी कंपनीची तीन मीटरची जवळजवळ रोजची चित्रं विकत मिळतात. शिक्षणासाठी मर्यादित कोटा असतो, मिळाला तर घ्या.

ओशनसॅटचा बत्तीस एकरांचा ठिपका खाडीत बसणारच नाही, पण उघड्या समुद्रासाठी तोच योग्य. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासे कुठे मिळतील याची सूचना मच्छीमारांना देतं. त्यात अशाच उपग्रहांची माहिती असते. खाडीतला गढूळपणा बघायचा असेल तर सेंटिनेल-२ वर या. पाण्यातून तळ बघून खोली काढायची पद्धत लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात चालते. आपल्या कोकणच्या गढूळ पाण्यात तिच्यामागे सहा महिने घालवू नका.

कांदळवनांचा विषय घेणार असाल तर सेंटिनेल-२ आणि जानेवारी-फेब्रुवारीची चित्रं. तोवर कातळावरचं गवत वाळलेलं असतं आणि कांदळवन गर्द हिरवं उठून दिसतं. माडाच्या बागा तेवढ्याच हिरव्या असतात. तिथे लघुतरंग अवरक्त पट्टा कामाला येतो, कारण कांदळवनाखाली चिखल ओला असतो आणि तिथे तो पट्टा गडद होतो.

लॅपटॉप जुना असेल तर गुगलच्या अर्थ इंजिनवर काम करा. शिक्षणासाठी ते फुकट आहे आणि गणित त्यांच्या यंत्रावर होतं. सेंटिनेल-२ ची एक फरशी, म्हणजे चित्राचा एक चौकोनी तुकडा, उतरवायची म्हणजे एक जीबीच्या आसपास. तीस चित्रं घरच्या नेटवर उतरवणं जमणार नाही. नकाशा आखायला क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहेच.

मग घ्यायचं काय

प्रश्न "तीस-चाळीस वर्षांत किनारा कुठे गेला" असा असेल तर लँडसॅट, तिथी बघून वेचलेली मोजकी चित्रं, आणि निष्कर्ष ठिपक्याहून बारीक नको. वीस मीटरचा बदल दिसला तर तो बदल आहे असं लिहू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ च्या चित्रांवरून देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचं दाखवलं. त्यांनीही उपग्रहाला प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली होती.

प्रश्न गेल्या आठ-दहा वर्षांतला, एखाद्या बंधाऱ्याच्या किंवा जेटीच्या दोन्ही अंगांना काय झालं असा असेल तर सेंटिनेल-२, डोळे मिटून. वादळ, पूर, खाजण असेल तर सेंटिनेल-१ आणि नंतरच्या निरभ्र दिवसाचं सेंटिनेल-२ शेजारी ठेवून. वाळू किती कमी झाली असा असेल तर ड्रोन किंवा लेव्हल.

तुमचा नकाशा ग्रामपंचायतीला दाखवणार असाल तर एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा. किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझी, जिथे बांधकामावर निर्बंध असतात) हद्द उच्चतम भरतीरेषेवरून धरतात आणि ती रेषा शासनाने अधिकृत केलेल्या संस्थाच आखतात. लोकांची घरं त्या रेषेवर अडलेली असतात. आपल्या चित्रातली पाण्याची कड म्हणजे ती रेषा नव्हे हे नकाशावरच ठळक लिहा, नाहीतर तुमच्या कागदावरून गावात भांडण लागेल.

क्षेत्रभेटीची तारीख सोयीच्या रविवारी ठरवू नका. आधी सेंटिनेल-२ तिथे कोणत्या तारखांना जाणार ते काढा, त्यातली षष्ठी ते अष्टमीत पडणारी तारीख निवडा आणि आदल्या रात्रीची एसटी पकडा. सकाळी लेव्हलचे छेद उरकून घ्या. पावणेअकराला पाण्याच्या कडेला उभे राहा आणि फोनमधलं जीपीएस चालू ठेवून ओल्या रेषेने चालायला लागा, साडेअकरापर्यंत. त्याच वेळात उपग्रह डोक्यावरून जातो. फोनचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे करतं, पण गुंठ्याच्या ठिपक्याला तेवढं चालतं. पुढच्या आठवड्यात चित्र उतरलं की त्यावर तुमची पायवाट टाकून बघा.